फाउंड्री परिषदेत पेपर आहे, १५ मिनिटं मिळालीत : तयारी कशी करू?

मोल्डबॉक्स
नमस्कार मंडळी. बेळगावजवळच्या मच्छेच्या एका ग्रे आयर्न फाउंड्रीत (ओतीव लोखंडाच्या कारखान्यात) सँड म्हणजे साच्याची वाळू आणि मेथड्स म्हणजे ओतायची पद्धत बघतो. ब्लोहोलवरच्या (वायू अडकून कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या नगात, पडणाऱ्या खड्ड्यावरच्या) कामाचा गोषवारा परिषदेला पाठवला होता, तो घेतलाय. बोलायला १५ मिनिटं, प्रश्नांना ५. स्लाइड्स ३८ झाल्यात : कंपनीची ओळख, मशिनरीची यादी, फिशबोन (संभाव्य कारणांची माशाच्या काट्यासारखी आकृती), व्हाय-व्हाय (पुन्हा पुन्हा 'का' विचारून मूळ कारण शोधणं), सँडचे टेस्ट रिझल्ट, कोअरमधले (कास्टिंगमध्ये पोकळी ठेवायला साच्यात बसवायच्या वाळूच्या भागातले) बदल, आधी-नंतरचं रिजेक्शन (बाद नगांचं प्रमाण), बचत. बोलायचं इंग्रजीत. समोर कोल्हापूर, हुबळी, कोइमतूर सगळीकडचे लोक. काय ठेवू, काय काढू? हॉल, माइक, लॅपटॉप यातलंही सगळं सांगा की.

रायझर
३८ चं काय करायचं ते नंतर बघू. आधी दावा एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ : 'कोअर साठवण्याची पद्धत बदलल्यावर अमुक कास्टिंगमधलं ब्लोहोलचं रिजेक्शन ६ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आलं.' हे वाक्य ज्या स्लाइडशिवाय उभं राहत नाही ती ठेवा, बाकी सगळ्या काढा. कंपनीची ओळख एका ओळीत : कुठला धातू, मोल्डिंगची पद्धत कोणती, कास्टिंगचं वजन किती. मशिनरीची यादी कुणालाच नको असते.

आता त्या '६ वरून २' वर या, कारण तुमचे पाचही मिनिटांचे प्रश्न तिथंच येणार.

टक्के कशाचे? नगावर की वजनावर? एकाच महिन्याचे हे दोन आकडे बरेच वेगळे येतात, कारण जड कास्टिंग थोडी आणि हलकी पुष्कळ असतात. स्लाइडवर टक्क्यांच्या शेजारी नग लिहा : 'किती ओतले, किती गेले'. ५० नगांत ६ टक्के म्हणजे ३ आणि २ टक्के म्हणजे १. दोन नगांच्या फरकावर पेपर उभा राहत नाही.

रिजेक्शन कुठं मोजलं? ब्लोहोल पुष्कळदा कातडीखाली असतो, फेटलिंगला (ओतल्यानंतरच्या साफसफाईला) दिसत नाही, मशीनिंगला उघडा पडतो. फक्त फाउंड्रीतलं रिजेक्शन दाखवलं तर आकडा उगाच चांगला दिसतो. ग्राहकाकडून परत आलेले नग त्याच हीटच्या (ज्या वितळणीतून ते ओतले तिच्या) तारखेला जोडा, परत आल्याच्या तारखेला नव्हे. नाहीतर जुन्या पद्धतीचे नग नव्या महिन्यात मोजले जातात.

आणि आपल्या भागातला सगळ्यात मोठा प्रश्न : 'आधी'चा डेटा जुलैतला आणि 'नंतर'चा जानेवारीतला असेल तर सुधारणा तुमची की हवेची? पावसाळ्यात सीओटू कोअर (कार्बन डायऑक्साइड वायूने घट्ट केलेले) ठेवल्या जागी ओलावा ओढतात, हिवाळ्यात तोच कोअर तितका ओढत नाही. गेल्या पावसाळ्याशी या पावसाळ्याची तुलना असेल तर उत्तम. नसेल तर त्याच काळात जुन्या पद्धतीने केलेला एखादा लॉट दाखवा. तेही नसेल तर ही मर्यादा स्वतःहून स्लाइडवर लिहा. दुसऱ्याने काढली तर महागात पडते.

वाळूचा ओलावा आणि कोअर दोन्ही एकदमच बदललं असेल तर 'कशामुळे झालं' हे छातीठोकपणे सांगू नका. 'दोन्ही मिळून' म्हणा.

मोल्डबॉक्स
दोन्ही एकदमच बदललंय सर. ओलावा खाली आणला, कोअर ओव्हनजवळच्या बंद रॅकमध्ये ठेवायला लागलो. डेटा ऑगस्ट ते ऑगस्ट आहे, ते बरं झालं. फिशबोन काढू का पूर्ण?

रायझर
काढा. फिशबोनमध्ये वीस कारणं असतात, तुम्ही दोनांवर काम केलंय. उरलेली अठरा वाचण्यात लोक गुंततात आणि तुमचं बोलणं जातं.

खानापूर रोड
फिशबोनबद्दल थोडं वेगळं मत. पूर्ण काढू नका, एका वाक्यात आणा : 'पोअरिंग तापमान, व्हेंट (वायू बाहेर जायच्या वाटा) आणि परमिॲबिलिटी (वाळूतून वायू जाऊ देण्याची क्षमता) तपासली, त्यांत फरक नव्हता.' तुम्ही ठरावीक कारणामागेच धावला नाहीत हे त्यातून कळतं. त्या तिन्हींचे आकडे बॅकअप स्लाइडवर ठेवा. बॅकअप म्हणजे शेवटच्या स्लाइडनंतर ठेवलेल्या, बोलताना न दाखवायच्या स्लाइड्स. पॉवरपॉइंट चालू असताना स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर मारला की थेट तिथं जाता येतं. नंबर एका चिठ्ठीवर लिहून पोडियमवर ठेवा : '१४ सँड, १५ पोअरिंग, १६ खर्च'. प्रश्न आला की वीस स्लाइड्स मागे-पुढे करत बसायला लागत नाही.

सत्राध्यक्षाच्या खुर्चीतून वेळ कशी दिसते तेही सांगतो. १५ मिनिटांत तुमची ओळख, मंचावर येणं, फाइल उघडणं हेही धरलेलं असतं. म्हणून १३ मिनिटांचं बोलणं तयार करा. साधारण वाटणी : समस्या २, काय केलं ३, निकाल ६, मर्यादा १, निष्कर्ष १. बहुतेक जण पहिल्या दोनांत ९ मिनिटं घालवतात, घंटा निकालाच्या पहिल्या ग्राफवर वाजते आणि मग 'स्किप, स्किप' सुरू होतं. १३ मिनिटांत १२-१३ स्लाइड्स.

शब्दांचा हिशेब : आपल्याला परक्या भाषेत, स्लाइड दाखवत, मिनिटाला १००-११० शब्द नीट जातात. म्हणजे १,४०० शब्दांच्या आत. लिहून मोजा. २,००० झाले असतील तर वेग वाढवू नका, शब्द कापा.

आणि ओळखीसाठी तीन वाक्यं स्वतः लिहून, मोठ्या अक्षरात छापून अध्यक्षांना द्या. आडनावाचा उच्चार देवनागरी आणि इंग्रजी दोन्हींत लिहा. कोइमतूरच्या माणसाला आपली आडनावं इंग्रजी स्पेलिंगवरून वाचता येत नाहीत, यात त्याचा दोष नाही.

चिकोडीचा ऊस
साखरेच्या परिषदांतही हेच भांडण. 'स्टीम वाचली' म्हणतात, पण स्टीम उसावर टक्के की तासाला टन ते सांगत नाहीत. गाळप कमी झालं की तासाचा आकडा आपोआप उतरतो. छेद सांगितल्याशिवाय टक्का सांगू नये हा नियम कुठल्याही धंद्यात चालतो.

निपाणीची प्राध्यापिका
भाषेचं सांगते, कारण बहुतेकांचा खरा घोळ तिथंच होतो. सगळं भाषण पाठ करू नका. एक शब्द विसरला की पुढचं सगळं अडतं. पण चार ठिकाणं शब्दन् शब्द पाठ हवीत : पहिली दोन वाक्यं, 'काय केलं' वरून 'निकाल' कडे वळणारं वाक्य, मर्यादेचं वाक्य आणि शेवटची दोन. बाकी स्लाइड बघून बोला.

वाक्यं छोटी ठेवा. मराठीत आपण 'जे कोअर पावसाळ्यात उघड्यावर ठेवले होते ते...' असं लांबवत नेऊन क्रियापद शेवटी आणतो. इंग्रजीत तसंच बोलायला गेलं की वाक्य मध्येच तुटतं. एक वाक्य, एक गोष्ट.

प्रश्न कन्नड, मराठी किंवा हिंदीत आला तर आधी तो इंग्रजीत सगळ्यांसाठी पुन्हा सांगा, मग उत्तर द्या. इंग्रजीत आला तरी पुन्हा सांगा. मागच्या रांगेला प्रश्न ऐकू गेलेला नसतो, तुम्हाला विचार करायला दहा सेकंद मिळतात, आणि चुकीचा समजला असेल तर तिथंच कळतं.

रायझर
पाठ करण्याबद्दल ताईंशी पूर्ण सहमत नाही. पहिलाच पेपर असेल तर पूर्ण लिहून, मोठ्याने दहा वेळा वाचलेलं बरं. वाचून वाचून बोलीत येतं. मंचावर कागद मात्र नको.

निपाणीची प्राध्यापिका
वाचा की, दहा काय वीस वेळा वाचा. पाठ करणं वेगळं, एवढंच म्हणते. आणि सराव उभं राहून, मोठ्या आवाजात, घड्याळ लावून. मनातल्या मनात केलेला सराव नेहमी कमी वेळेत संपतो.

खानापूर रोड
स्लाइडवरच्या अक्षरांचं. मजकूर २४ पॉइंटच्या खाली नको, ग्राफच्या अक्षांवरचे आकडे १८ च्या खाली नकोत. एक्सेलमधून ग्राफ उचलून चिकटवला की आकडे ९-१० पॉइंटचे राहतात. ते पहिल्या रांगेलाही दिसत नाहीत.

घरी तपासायचा उपाय : समजा हॉलचा पडदा ३ मीटर रुंद आणि शेवटची रांग २० मीटरवर आहे. १४ इंची लॅपटॉपचा पडदा साधारण ३१ सेंटिमीटर रुंद असतो. तर लॅपटॉपपासून २ मीटर, म्हणजे साडेसहा फूट लांब उभे राहा. तिथून जे वाचता येत नाही ते शेवटच्या रांगेला वाचता येणार नाही.

ग्राफमध्ये लाल आणि हिरव्या रेषा शेजारी-शेजारी नकोत. काही जणांना त्या सारख्याच दिसतात. निळी आणि नारिंगी घ्या, एक सलग, एक तुटक. रेषेचं नाव रेषेशेजारीच लिहा, कोपऱ्यातल्या चौकटीत नको.

मायक्रोस्ट्रक्चरच्या (सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या धातूच्या रचनेच्या) फोटोखाली '१०० एक्स' लिहायची सवय सोडा. प्रोजेक्टरवर फोटो कितीही मोठा होतो, मग ते १०० एक्स कुठं राहिलं? फोटोतच मायक्रॉनची स्केल पट्टी घाला, फोटो वाढला की तीही वाढते. एच केलंय का (रचना दिसावी म्हणून नमुन्याला रसायन लावलंय का), कशाने केलंय तेही लिहा. ग्राफाइटचा आकार एच न केलेल्या नमुन्यावर बघतात, पर्लाइट-फेराइट (लोखंडाच्या रचनेतले दोन घटक) नायटल (अल्कोहोलमधलं नायट्रिक ॲसिड) लावल्यावर. दोन्ही फोटो एकच म्हणून दाखवले की प्रश्न येतोच.

दोषाच्या फोटोंसाठी : कास्टिंगखाली ब्राऊन पेपर, शेजारी स्टीलची पट्टी, आणि उजेड बाजूने, अगदी तिरका. समोरून फ्लॅश मारला की ब्लोहोलची खोली जाते आणि तो डागासारखा दिसतो. तिरक्या उजेडात कडेची सावली पडते, आत गुळगुळीत चकाकी दिसते. वायूने झालेला खड्डा आणि वाळू अडकून झालेला खड्डा यांतला फरक त्या चकाकीवरच लोक ओळखतात.

होनगा टूलिंग
ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर दिसत नाही ना तेवढं बघा. कास्टिंगवर उठावाची अक्षरं असतात.

रायझर
बरोबर, आणि ते फोटो कापून सुटत नाही. पॉवरपॉइंटमध्ये फोटो क्रॉप केला तरी कापलेला भाग फाइलमध्ये तसाच असतो, कुणीही परत उघडू शकतं. 'कॉम्प्रेस पिक्चर्स' मध्ये जाऊन 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' करा, किंवा बाहेरच कापून मग चिकटवा.

त्याहून वाईट म्हणजे एक्सेलचा ग्राफ. वर्कबुक एम्बेड करून चिकटवला तर ग्राफसोबत अख्खं वर्कबुक जातं. ग्राफवर राइट-क्लिक, 'एडिट डेटा', आणि तुमच्या सगळ्या ग्राहकांचं रिजेक्शन, दर, बचत समोर. फाइल आयोजकांकडे राहते, पुढे कुणाकडे जाईल सांगता येत नाही. ग्राफ नेहमी चित्र म्हणून चिकटवा.

कंपनीची परवानगी तोंडी नको, मेलवर घ्या, आणि अंतिम स्लाइड्स जोडून घ्या. ग्राहकाशी गुप्ततेचा करार असेल तर त्यालाही विचारा. रॅकमध्ये किंवा प्रक्रियेत पेटंट घेण्यासारखं काही असेल तर भाषणाआधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाका. तो टाकल्यावर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. आधी बोलून मग धावाधाव नको.

मोल्डबॉक्स
एडिट डेटाचं आत्ताच बघितलं. होय की ओ, अख्खी शीट उघडली! सगळे ग्राफ बदलतोय. आता हॉलमधलं कोण सांगेल?

टिळकवाडी साउंड
मी सांगतो.

पडदा : आधी आयोजकांना विचारा, प्रोजेक्टर की एलईडी वॉल. एलईडी वॉल असेल तर लेझर पॉइंटर घरी ठेवा. लाल ठिपका कापडी पडद्यावर दिसतो, एलईडीवर जवळजवळ दिसतच नाही, आणि बोलणारा हात हलवत राहतो. त्याऐवजी स्लाइडमध्येच बाण किंवा गोल घाला. पडदा १६:९ की ४:३ तेही विचारा. जुन्या सभागृहांत अजून ४:३ आहे, तिथं १६:९ ची स्लाइड वर-खाली काळी पट्टी ठेवून छोटी होते. तिथं तुमचे १८ पॉइंट १८ राहत नाहीत.

फाइल : बहुधा आयोजकांच्याच लॅपटॉपवर चालते. म्हणून 'ऑप्शन्स', 'सेव्ह' मध्ये जाऊन 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' वर टिक करा. पहिल्या स्लाइडवर मराठी किंवा कन्नड नाव घालणार असाल तर श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये नको. दुसऱ्या मशीनवर त्याची नुसती चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये टाइप करून निर्मला यूआय वापरा. विंडोजमध्ये तो असतोच, आणि देवनागरी, कन्नड दोन्ही दाखवतो. सोबत पीडीएफ ठेवा, पण पीडीएफमध्ये व्हिडिओ आणि ॲनिमेशन चालत नाही हे धरून.

व्हिडिओ असेल तर एमपी४, एच २६४, फाइलच्या आत घातलेला. लिंक दिलेला व्हिडिओ पेन ड्राइव्हवर कॉपी करताना मागे राहतो आणि मंचावर काळी चौकट दिसते. २०-३० सेकंद पुरेत. आवाज बंद करा, फाउंड्रीतला गडगडाट साउंड सिस्टिमवर फार वाईट वाजतो.

स्वतःचा लॅपटॉप लावायचा असेल तर एचडीएमआयचा अडॅप्टर स्वतःचा आणा, आणि व्हीजीएचाही. चार्जर जोडलेला हवा. स्लीप बंद, नोटिफिकेशन बंद, व्हॉट्सॲप वेब बंद. विंडोज की आणि पी दाबून 'डुप्लिकेट' की 'एक्स्टेंड' ते आधी ठरवा. नोट्स तुमच्या पडद्यावर आणि स्लाइड मोठ्या पडद्यावर हवी असेल तर एक्स्टेंड. तिथंच उलटं झालं तर नोट्स सगळ्या हॉलला दिसतात.

माइक : हातातला असेल तर तोंडापासून चार बोटांवर, हनुवटीच्या किंचित खाली, तिरका. जाळी मुठीत धरू नका, शिट्टी तिथूनच येते. साउंडच्या बॉक्ससमोर चालत गेलात तरी येते. कॉलर माइक असेल तर हनुवटीखाली वीतभर अंतरावर, आणि पडद्याकडे ज्या बाजूला मान वळणार त्या बाजूला लावा, म्हणजे मान वळली तरी आवाज पडत नाही. परिषदेचं ओळखपत्र गळ्यात लटकतं, ते माइकवर आपटून टकटक वाजत राहतं. बोलताना काढून खिशात ठेवा. ताईंनी साडी असेल तर ट्रान्समीटरची डबी कमरेला खोचायची जागा आधी ठरवावी, आणि पदराच्या कडेला माइक लावू नये, पदर घसरला की आवाज जातो. माइक तपासताना फुंकू नका, टिचक्या मारू नका. एक पूर्ण वाक्य बोला, त्यावरूनच आवाज लावता येतो.

आपल्याकडे अजून एक : शाल, हार, पेटा. सत्कार भाषणाआधी असेल तर शाल कॉलर माइकवर येते आणि आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा येतो. सत्कार नंतर ठेवा म्हणून आयोजकांना सांगा, किंवा शाल काढून मगच पोडियमला या. कुणी रागवत नाही.

वीज गेली तर थांबू नका. जनरेटर आला तरी दिव्याचा प्रोजेक्टर लगेच उजळत नाही, मिनिट-दोन मिनिटं जातात. तेवढ्यात तोंडी सांगता येईल असा भाग लक्षात ठेवा. तुमच्या बाबतीत रॅक कसा बनवला ते.

निपाणीची प्राध्यापिका
बोलताना लोकांचं लक्ष स्लाइडवरून काढून स्वतःकडे घ्यायचं असेल तर कीबोर्डवर 'बी' दाबा, पडदा काळा होतो. पुन्हा दाबला की परत येतो. मर्यादा सांगताना उपयोगी.

खानापूर रोड
प्रश्नोत्तरांचं थोडं. एका उत्तराला एक मिनिट. डेटा नसेल तर 'ते मोजलेलं नाही' एवढंच. 'हो, पण माझ्या मते...' सुरू केलं की दुसरा प्रश्न त्याच्यावरच येतो. माल विकणारा कुणीतरी बाइंडर (वाळू बांधून ठेवणारा पदार्थ) किंवा कोटिंगचा (कोअरवरच्या लेपाचा) ब्रँड विचारणारच. ब्रँड सांगायची सक्ती नाही, गुणधर्म सांगा. आणि एखादा माणूस प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचा पेपर वाचायला लागला तर अध्यक्षांकडे बघा, ते त्यांचं काम.

प्रश्न चालू असताना 'थँक यू' ची स्लाइड ठेवू नका. निष्कर्षाची ठेवा. पाच मिनिटं पडद्यावर तुमचे आकडे राहतात, फोटोही लोक तेव्हाच काढतात.

मोल्डबॉक्स
आता १३ वर आणलंय : दावा, कास्टिंग आणि दोष, आधीची स्थिती, तपासून सोडलेली कारणं, वाळूतला बदल, कोअर रॅक, रॅकचा फोटो, ऑगस्ट-ऑगस्ट ग्राफ, मशीनिंगचं रिजेक्शन, मायक्रो, खर्च, मर्यादा, निष्कर्ष.

रायझर
मायक्रो कशाला? ब्लोहोलच्या दाव्याला त्याचा काय आधार? बॅकअपला टाका. रॅक आणि रॅकचा फोटो एकच स्लाइड. ११ होतील. वाचलेला वेळ मशीनिंगच्या रिजेक्शनला द्या. कोअर रॅकमध्ये किती तास होते, तापमान किती आणि ते कशाने मोजलं, हे तिथंच सांगा. ऐकणाऱ्याला परत गेल्यावर करून बघायचं असतं, आणि तेवढंच नेमकं कुणी सांगत नाही.

मोल्डबॉक्स
तास आहेत, तापमानाची नोंद फक्त दिवसपाळीची आहे. रात्रपाळीची नाही.

रायझर
तर 'दिवसपाळी' असं लिहा ग्राफखाली.

मोल्डबॉक्स
शेवटचं एक. आयोजक म्हणतायत पोस्टरही लावा, ए० आकाराचं. शहापूरला फ्लेक्सवाल्याकडे करून घेऊ का?

टिळकवाडी साउंड
घ्या, पण नीट सांगून. ए० म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, उभं. फ्लेक्सवाले फुटांत बोलतात, '३ बाय ४ करून देतो' म्हणतात. ते प्रमाण वेगळं आहे. फाइल ताणून बसवली तर फोटोतला गोल ब्लोहोल अंडाकृती होतो आणि स्केल पट्टी खोटी पडते. ताणू नका, बाजूला पांढरी जागा सोडा आणि कापून द्या म्हणून सांगा. फाइल मूळ आकारातच पीडीएफ करून न्या, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली नको. चकचकीत फ्लेक्सवर ट्यूबलाइट पडते, मॅट मिळत असेल तर मॅट. घडी घालू नका, नळीत गुंडाळून न्या, छपाई बाहेरच्या बाजूला ठेवून. लावल्यावर कडा आत वळत नाहीत.

खानापूर रोड
शीर्षक ८० पॉइंटच्या वर, मजकूर २४ ते २८. आणि लावायला काय मिळणार ते विचारा : बोर्ड असेल तर पिना, काच असेल तर दुहेरी चिकटपट्टी. दोन्ही बॅगेत टाका.